अपवेलिंग आणि प्लँक्टन: डेटा बघताना या चुका टाळा

वारा जोरात म्हणजे प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) भरपूर, हा हिशोब आधी डोक्यातून काढा. किनाऱ्याला समांतर वारा वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे सरकतं, ते किनाऱ्यापासून लांब गेलं की खालचं थंड, नायट्रेटवालं (म्हणजे पोषकद्रव्य असलेलं) पाणी वर येतं, यालाच अपवेलिंग म्हणतात, इथपर्यंत बरोबर आहे. पण वारा थांबतच नसेल तर ते पाणी पेशी वाढायच्या आधीच खोल समुद्राकडे निघून जातं, शिवाय घुसळण इतकी होते की डायटम (एकपेशी सूक्ष्म शैवाल) उजेडात टिकतच नाहीत. ब्लूम, म्हणजे अशा शैवालाची एकदम भरपूर वाढ, बहुतेकदा वारा मंदावल्यावर, काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे आजचा वारा आणि आजचं क्लोरोफिल (शैवाल किती आहे ते सांगणारं हिरवं रंगद्रव्य) समोरासमोर ठेवून "काही संबंधच नाही" असं ठरवू नका, लॅग देऊन (क्लोरोफिल काही दिवस नंतरचं घेऊन) बघा, आणि किनाऱ्याला चिकटून न बघता जरा बाहेरही बघा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. फक्त वाऱ्याचा इंडेक्स (वाऱ्यावरून काढलेला अपवेलिंगचा आकडा) बघून पाणी सुपीक आहे असं धरणं. पेरूच्या किनाऱ्यावर एल निनोत (प्रशांत महासागराचं पाणी गरम होतं त्या काळात) वारा थांबत नाही, पाणीही वर येत राहतं, पण थर्मोक्लाइन (वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांच्यामधला थर) खोल गेलेला असतो म्हणून वर येतं ते गरम आणि पोषकद्रव्यं नसलेलं पाणी. इंडेक्स मस्त आणि समुद्र उपाशी! पाणी कुठल्या खोलीवरून येतंय हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका.

नायट्रेट आहे पण ब्लूम नाही, असं दिसलं तर लोहाकडे बघा, शैवालाला तेही लागतं. कॅलिफोर्नियात बिग सूरजवळ शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) अरुंद आहे, तळाच्या गाळातून लोह कमी मिळतं, आणि नायट्रेट तसंच शिल्लक राहतं.

क्लोरोफिल सॅटेलाइटवरून घेत असाल तर लक्षात ठेवा, त्याला वरचाच थर दिसतो, ढग असले तर तोही नाही.

आणि अपवेलिंग जास्त म्हणजे चांगलंच असंही नाही. 2002 मध्ये ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वर आलेल्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी होता, त्यात खाली बसून सडणाऱ्या ब्लूमने उरलेला खाल्ला, तळाचे खेकडे आणि मासे मेले.

झूप्लँक्टनला (प्लँक्टनमधल्या प्राण्यांना) नुसतं वाहून जाणारं समजू नका. बरेच कोपेपॉड आणि क्रिल (कोळंबीच्या जातकुळीतले छोटे प्राणी) दिवसा खाली उतरतात, तिथला प्रवाह किनाऱ्याकडे असतो, म्हणून ते किनाऱ्याजवळच टिकतात. मॉडेलमध्ये ही खालीवर जाण्याची सवय नसेल तर सगळे प्राणी बाहेर वाहून गेलेले दिसतील.