नील फॉक्सचे चार गुण कुठं गेले? जुन्या खेळाडूची नोंदवही अशी मांडा

तासगावात मी एकवीस वर्षं कबड्डीचं गुणपत्रक लिहिलं. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळ्याची बेरीज जुळल्याशिवाय सही केली नाही. म्हणून भाच्यानं रग्बी लीगच्या नील फॉक्सचे आकडे आणून दिले आणि ते जुळेनात, तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तुम्हीही अशी वही मांडणार असाल तर आधी वर्ष बघा, मगच बेरजेला बसा. फॉक्स इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या शार्ल्स्टनचा, जन्म १९३९. वेकफिल्ड ट्रिनिटी या क्लबकडून तो १९५६ मध्ये उतरला. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडं जमिनीला टेकवणं; त्याला त्या काळी ३ गुण मिळत, १९८३ पासून ४ मिळतात. ट्रायनंतरची किंवा पेनल्टीची किक गोलखांबांमधून गेली की तो गोल, त्याचे २, तेव्हाही आणि आजही.

हात बसवायला चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची १९६० ची फायनल घ्या. फॉक्सचे २ ट्राय, ७ गोल. सहा अधिक चौदा, २० गुण. संघाचे ८ ट्राय नि ७ गोल मिळून ३८, म्हणजे पत्रक जुळलं. आजच्या भावानं त्याचे २२ होतील, पण ते लिहायचे नाहीत. त्या दिवशी पंचानं दिले तेवढेच गुण खरे.

आता पूर्ण कारकीर्द. ३५८ ट्रायचे १०७४. २५७५ गोलचे ५१५०. बेरीज ६२२४. नोंद मात्र ६२२० सांगते, आणि तोच जागतिक विक्रम आहे.

माझी झोप या चार गुणांनी घालवली. उलगडा असा: ड्रॉप गोलचेही (खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) आधी २ गुण होते, इंग्लंडमध्ये १९७४ ला १ झाला. फॉक्स त्यानंतरही खेळत राहिला. गोलांच्या आकड्यात ते एका गुणाचे ४ ड्रॉप गोलही धरलेत. म्हणून ड्रॉप गोलचा रकाना वेगळाच आखा, त्यात १९७४ आधीचे आणि नंतरचे असे दोन भाग करा. त्याच कपच्या १९६२ च्या फायनलमध्ये त्यानं एक ट्राय नि तीन ड्रॉप गोल केले, ९ गुण. आजच्या भावानं ७ च भरतात. बघा, नवा भाव एकदा फुगवतो, एकदा कापतो.

शेवटी शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. १९६८ च्या फायनलला नील दुखापतीमुळे बाहेर होता. मैदानात पाणी साचलेलं, आणि अगदी शेवटी गोलखांबांसमोरची किक भाऊ डॉनकडून हुकली. लीड्स वेकफिल्डवर ११-१० नं जिंकलं. नीलच्या ओळीत त्या तारखेला शून्य लिहू नका, ‘जखमी’ लिहा. आणि डॉनच्या ओळीत हुकलेल्या किकेशेजारीच लिहा, सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफी त्या दिवशी त्यालाच मिळाली.