सेकंड लाइफमध्ये वस्तू विकायच्या आणि जमीन घ्यायची असेल तर: आधी माल, मग प्लॉट

मेटाव्हर्स मेटाव्हर्स म्हणून २०२१-२२ मध्ये जो गदारोळ झाला त्यात डिसेंट्रालँड, सँडबॉक्स वगैरे इंटरनेटवरच्या आभासी जगांत क्रिप्टो ओतून लोकांनी प्लॉट घेतले आणि पुढे त्यांचे भाव कुठे गेले ते सगळ्यांनी बघितलंय, त्यावर मी काही बोलत नाही. मी सांगतोय ते सेकंड लाइफबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने जून २००३ मध्ये सुरू केलेलं हे असंच एक आभासी जग अजून चालू आहे, क्रिप्टोबिप्टो काही नाही, स्वतःचं चलन आहे लिंडन डॉलर, आणि लोक तिथे कपडे, घरं, फर्निचर, केस, नाचाच्या स्टेप्स असलं सगळं स्वतः बनवून विकतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशेच्या आसपास लिंडन येतात, म्हणजे तीनशे लिंडनचा ड्रेस आपल्या हिशोबात शंभरएक रुपयांचा. एवढं लक्षात ठेवलं की तिथल्या किमती बघून घाबरायला होत नाही आणि हुरळूनही जायला होत नाही.

नवीन माणूस पहिल्यांदा जमीन घ्यायला धावतो. माझं स्पष्ट मत, हा क्रम उलटा आहे. जमीन दर महिन्याला पैसे खाते, माल पैसे आणतो, आणि माल विकायला जमीन लागतच नाही कारण मार्केटप्लेस नावाची वेबसाइट आहे, तिथे प्लॉट नसताना सुद्धा दुकान टाकता येतं. तर आधी माल.

काय बनवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ज्या गोष्टीची हजारो दुकानं आधीच आहेत (पांढरा सोफा, काळा लेदर जॅकेट) त्यात घुसण्यापेक्षा तुम्हाला आतून माहीत असलेली गोष्ट घ्या. आकाशकंदील, तुळशी वृंदावन, नथ, कोल्हापुरी चप्पल, गणपतीचं मखर. विकेलच अशी गॅरंटी मी देत नाही, पण नथ नाकात कशी बसते आणि मोती कुठे येतात हे तुम्हाला फोटो न बघता कळतं, हा फायदा आहेच. पैठणीचं टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, करायचं तर स्वतःच्या घरातल्या साडीचा फोटो काढा, गुगलवरून उचलू नका. दुसऱ्याचं मॉडेल, टेक्स्चर किंवा गेममधून काढलेलं मेश (थ्रीडी आकाराचं जाळं) अपलोड केलं आणि मूळ मालकाने तक्रार टाकली तर लिस्टिंग जाते, फार झालं तर अकाउंटही जातं.

साध्या वस्तू आतल्या आत, प्रिम म्हणतात त्या ठोकळ्यांनी बनवता येतात, पण २०११ मध्ये मेश आलं तेव्हापासून खरा माल ब्लेंडरमध्येच बनतो. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मेश अपलोड करायला अकाउंटवर पेमेंट माहिती भरलेली लागते आणि कॉपीराइटवर एक छोटी प्रश्नावली सोडवावी लागते, ती एकदाच. साधं टेक्स्चर, आवाज किंवा अ‍ॅनिमेशन अपलोड करायला प्रत्येकी १० लिंडन, मेशला किती ते गुंतागुंतीवर ठरतं. आता हे दहा दहा लिंडन ट्रायल घेता घेता बरेच उडतात, म्हणून आधी टेस्ट ग्रिडवर, म्हणजे सरावासाठीच्या वेगळ्या जगात, जा, तिथलं चलन खोटं असतं त्यामुळे अपलोड खिशाला लागत नाही. गंमत म्हणजे या टेस्ट ग्रिडचं नाव अदिती आणि मेन ग्रिडचं नाव अग्नी, लिंडन लॅबच्या लोकांनी खरंच अशी नावं ठेवलीत. तर अदितीवर हवं तेवढं बिघडवा, नीट झालं की अग्नीवर चढवा.

मेशमध्ये जिथे बहुतेक नवीन लोक गंडतात ती गोष्ट म्हणजे लँड इम्पॅक्ट. तुमची वस्तू ज्याच्या जमिनीवर ठेवली जाते त्याच्या कोट्यातून ती किती जागा खाते तो आकडा. १०२४ चौरस मीटरच्या मेनलँड प्लॉटला (मेनलँड काय ते पुढे येतं) ३५१ चा कोटा मिळतो, आता त्या माणसाला घर, झाडं, पलंग, सगळं त्यातच बसवायचंय, तुमचा एक कंदील १२ खात असेल तर तो दुसऱ्याकडून २ वाला घेईल, कितीही सुंदर असला तरी. आकडा कमी करायचा रस्ता म्हणजे एलओडी, म्हणजे लांबून बघताना दिसणारी हलकी मॉडेल्स. हाय, मीडियम, लो आणि लोएस्ट अशा चार पायऱ्या असतात. आळशी लोक काय करतात, खालच्या पायऱ्या जवळजवळ शून्यावर नेतात, आकडा मस्त कमी दिसतो, आणि गिऱ्हाईक चार पावलं मागे गेलं की कंदिलाचे तीन फाटके त्रिकोण होतात. असा माल एकदा घेतलेला माणूस परत येत नाही. मीडियमचं मॉडेल स्वतः हाताने बनवा, व्ह्यूअरने (सेकंड लाइफ चालवायचं सॉफ्टवेअर) आपोआप केलेलं घेऊ नका, लो वाल्यात निदान बाहेरचा आकार तरी राहू द्या. आणि एक, मेश ताणून मोठं केलं की लँड इम्पॅक्ट वाढतो, त्यामुळे आकार मॉडिफाय करता येणाऱ्या वस्तूचा आकडा लिहिताना "ओरिजिनल साइजला" असं लिहा नाहीतर मेसेज येत राहतात.

कपडे करायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथल्या बायका-पुरुषांचे अवतार, म्हणजे त्या जगात फिरणाऱ्या आकृत्या, बहुतेक कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मेश बॉडीवर असतात, मैत्रेया, लेगसी, रीबॉर्न वगैरे, आणि प्रत्येक बॉडीला कपडा वेगळा बसवावा लागतो. त्यासाठी त्या त्या बॉडीवाल्याकडे अर्ज करून डेव्हलपर किट मागवायचं. नवख्या माणसाने नऊवारीपासून सुरुवात करू नये, काष्टा रिग करताना, म्हणजे अवतार हलला की तोही हलेल असा बसवताना, डोकं फिरेल. दागिने किंवा घरातल्या वस्तू बऱ्या.

मग परवानग्या. प्रत्येक वस्तूला तीन चौकटी असतात, कॉपी, मॉडिफाय आणि ट्रान्सफर, आणि तुम्ही "नेक्स्ट ओनर" साठी काय टिक करता त्यावर सगळा धंदा उभा आहे. कॉपी दिलंत तर ट्रान्सफर देऊ नका, ट्रान्सफर दिलंत तर कॉपी देऊ नका. दोन्ही दिलंत तर घेणारा त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढून स्वतःच विकायला बसेल आणि त्यात त्याची काही चूकही नसेल कारण परवानगी तुम्हीच दिलीत. सजावटीच्या वस्तूला कॉपी-मॉडिफाय चांगलं, लोकांना एकाचे पाच कंदील लावायचे असतात. डब्यात भरून विकत असाल तर डब्याची परवानगी वेगळी आणि आतल्या प्रत्येक वस्तूची, स्क्रिप्टची (वस्तू चालवणारा कोड) वेगळी, बाहेरचं बघून आतलं बरोबर असेल असं धरून चालू नका. एक दुसरं अकाउंट काढा किंवा मित्राला सांगा, त्याच्या हातात वस्तू गेल्यावर काय दिसतं ते बघा, मगच लिस्ट करा.

लिस्टिंग करायचं म्हणजे व्ह्यूअरमध्ये मार्केटप्लेस लिस्टिंग्जची खिडकी उघडायची, त्यात वस्तूचा फोल्डर टाकायचा, तिथून लिस्टिंग तयार होते, मग वेबसाइटवर जाऊन फोटो, वर्णन, किंमत भरायची. फोटोवर अर्धा दिवस गेला तरी चालेल. अंगावर घालायच्या वस्तूचा डेमो ठेवा, शून्य किंवा एक लिंडनला, डेमो नसलेला कपडा शहाणा माणूस घेत नाही. मार्केटप्लेस विक्रीतले १० टक्के कापतं. आणि वस्तू ढिगात टाकून नशिबावर विकायची, ज्याला गाचा म्हणायचे, तसल्या मशीन चालू करायचा विचार असेल तर तो सोडा, त्याच्यावर सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे. जुन्या व्हिडिओत अजून गाचाचं कौतुक सापडतं म्हणून सांगितलं.

महिना दोन महिने विक्री बघा. काहीतरी नियमित यायला लागलं की मग जमिनीकडे या, कारण तेव्हा जमिनीचा उपयोग असतो, लोक येऊन माल फिरून बघतात आणि जागेवर विकलेल्या वस्तूवर ते १० टक्के जात नाहीत.

जमीन दोन प्रकारची. मेनलँड म्हणजे थेट लिंडन लॅबच्या खंडांवरची, आणि इस्टेट म्हणजे कोणीतरी पूर्ण रीजन (२५६ बाय २५६ मीटर) लॅबकडून घेतलाय आणि त्याचे तुकडे करून भाड्याने देतोय. हा धंदा करून नाव कमावलेली बाई म्हणजे आन्शे चुंग, खरं नाव आयलिन ग्रेफ, २००६ मध्ये बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर आली होती. तिची गोष्ट वाचून जमिनीत पडू नका, तो काळ वेगळा होता, आता मेनलँडवर सोडून दिलेल्या जमिनी पडून आहेत, तुमच्या प्लॉटला लागून अशी जमीन असेल तर सपोर्टला तिकीट टाकून ती चौरस मीटरला एक लिंडन भावाने मागता येते. म्हणजे जमीन स्वस्त आहे. महाग आहे ती ती धरून ठेवायची फी, तिला टिअर म्हणतात.

मेनलँड घ्यायला प्रीमियम मेंबरशिप लागते, महिना ११.९९ डॉलर किंवा वर्षाचे एकदम ९९, त्यात आठवड्याला ३०० लिंडन परत मिळतात आणि १०२४ चौरस मीटरचा टिअर माफ असतो. छोट्या दुकानाला १०२४ पुरे. त्याच मेंबरशिपमध्ये बेलिसेरियामधलं तयार लिंडन होमही मिळतं आणि ती घरं छान आहेत, पण ती राहायला, तिथे दुकान टाकता येत नाही, आणि घर घेतलंत तर तो माफीचा १०२४ बहुतेक तिथेच संपतो. इस्टेटवर प्रीमियम लागत नाही, लिंडनमध्ये आठवड्याचं भाडं भरायचं. पण तिथे मालक लॅबला पैसे भरायचा थांबला तर रीजनच गायब होतो, तुमचं आगाऊ भाडं त्याच्याबरोबर जातं आणि दाद कुठे मागायची नाही. म्हणून नवीन इस्टेटवाला तीन महिन्यांचे एकदम भरा, डिस्काउंट देतो म्हणाला तरी आठवड्याआठवड्यानेच भरा. कोव्हेनंट म्हणजे त्याची नियमावली आधी वाचा, कित्येक ठिकाणी दुकान चालत नाही.

प्लॉट बघायला जाताना एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी जा, अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, तेव्हा गर्दी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एक दाबलं की आकड्यांची पट्टी येते, त्यात टाइम डायलेशन (तिथला वेळ खऱ्या वेगाने चालतोय का) १ च्या जवळ आणि सिम एफपीएस (सर्व्हर सेकंदाला किती फ्रेम चालवतो) ४५ च्या आसपास पाहिजे. सतत खाली असेल तर शेजारी कोणीतरी स्क्रिप्टचा कारखाना चालवतोय, सोडून द्या. रीजनचं रेटिंग, म्हणजे तिथे कितपत प्रौढ गोष्टी चालतात ते बघा, जनरल का मॉडरेट का अ‍ॅडल्ट. शेजारी बघा, मेनलँडवर कोण काय बांधेल याला फारसा धरबंध नसतो, आज बाग आहे तिथे उद्या फिरतं निऑन येऊ शकतं. म्हणून लिंडन लॅबच्या स्वतःच्या रस्त्याला किंवा पाण्याला लागून असलेला प्लॉट दोन पैसे जास्त देऊनही बरा, निदान एका बाजूने कोणी काही उभारणार नाही. मग अबाउट लँड या खिडकीत क्षेत्रफळ, कोटा, विकणाऱ्याचं नाव बघून बाय दाबा. सर्चमध्ये दिसायचं असेल तर आठवड्याला ३० लिंडन.

हे सगळं करताना एक डोक्यात असू द्या, इथे सातबारा नसतो. अटींप्रमाणे जमीन आणि लिंडन दोन्ही वापरायचा परवाना आहे, मालमत्ता नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मार्क ब्रॅग नावाच्या वकिलाने लिलावातल्या एका पळवाटेतून स्वस्तात जमीन घेतली, लॅबने अकाउंट बंद केलं, तो कोर्टात गेला, २००७ मध्ये कोर्टाने लॅबची लवादाची अट एकतर्फी ठरवली, पण पुढे दोघांनी आपसात मिटवलं, त्यामुळे जमीन खरंच कोणाची हा प्रश्न सुटला नाहीच. त्याच वर्षी जिंको नावाची आतली "बँक" बुडाली आणि २००८ च्या जानेवारीत लॅबने असल्या बँकाच बंद केल्या. कोणी आजही लिंडनवर व्याज देतो म्हणाला तर पळा.

भारतातून करणाऱ्यांसाठी पैशाचं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम कडक झाले तेव्हापासून परदेशी साइटचे महिन्याचे हप्ते आपल्या कार्डावर मध्येच अडकतात, आणि टिअर अडकला की जमीन धोक्यात. उपाय असा की विक्रीचे लिंडन लिंडेक्सवर, म्हणजे लॅबच्या चलन बाजारात, विकून डॉलर अकाउंटमध्येच शिल्लक ठेवा, बिल आधी त्यातून कापलं जातं. बाहेर काढायचे असतील तर ओळखपत्र द्यावं लागतं, नाव पेपाल आणि बँकेशी तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि कात्री दोनदा लागते, लिंडन विकताना आणि डॉलर काढताना, तेव्हा चिल्लर काढत बसू नका. रक्कम बरी व्हायला लागली की सीएला विचारा, उत्पन्न ते उत्पन्नच.

प्लॉट नकोसा झाला तर विकताना "एनीवन" म्हणजे कोणालाही वर ठेवून किंमत एक लिंडन वगैरे कधीही टाकू नका, अगदी मित्राला फुकट द्यायचा असला तरी, असल्या किमतींवर टपलेले लोक आणि बॉट असतात, क्षणात उचलतात. मित्राचं नाव निवडून मगच भाव टाका. आणि टिअर महिन्यातल्या तुमच्याकडच्या सगळ्यात जास्त क्षेत्रफळावर लागतो, त्यामुळे मोठा प्लॉट बिलाच्या तारखेच्या आधी सोडा, दुसऱ्या दिवशी सोडलात तर त्या अख्ख्या महिन्याचे भरावे लागतात.