टेंडन की स्मूथ मसल? कनेक्टिव्ह टिश्यूच्या स्लाइड ओळखायच्या कशा

परीक्षा जवळ आली की ठाणे-नेरूळ ट्रेनमध्ये पोरं हिस्टॉलॉजीचं (मायक्रोस्कोपखाली टिश्यू ओळखायच्या विषयाचं) जर्नल मांडीवर घेऊन गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने काढलेली चित्रं घोकत असतात. नौपाड्यात घरी शिकवण्या घेतो म्हणून सांगतो, चित्र पाठ करून स्लाइड ओळखता येत नाही.

सुरुवात कायम लो पॉवरनेच. डायरेक्ट चाळीसच्या लेन्सवर उडी मारणारा हमखास चुकतो. पेशी एकमेकींपासून लांब आणि मधे भरपूर माल दिसला तर कनेक्टिव्ह टिश्यू (शरीराचे भाग जोडणारा, आधार देणारा) धरून चाला.

सोपे एका दमात सांगतो. रिकामी मोठी भोकं, घावनाला पडलेल्या जाळीसारखी, आणि न्यूक्लियस कडेला चेपलेला, तर अ‍ॅडिपोज (चरबी प्रोसेसिंगमध्ये झायलीन वगैरेत विरघळून जाते म्हणून भोकं). पिंजलेल्या कापसासारखे विरळ धागे म्हणजे एरिओलर. जाड गुलाबी जुड्या वाट्टेल त्या दिशेने गेल्यात तर डेन्स इरेग्युलर, त्वचेच्या डर्मिसमधला. काचेसारखं निळसर मॅट्रिक्स आणि पेशी दोन-दोन चार-चारच्या घोळक्यात, तर हायलिन कार्टिलेज (कूर्चा). सिल्व्हर स्टेन आणि काळी जाळी, रेटिक्युलर, पुढे चला.

आता खरी गोची, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. फर्स्ट इयरला मी 'टेंडन' लिहिलं होतं, मग पुन्हा डोळा लावला, सगळं गुलाबी, सगळं समांतर, घंटा वाजायला आली म्हणून घाबरून ते खोडलं आणि 'स्मूथ मसल' (आतड्यांसारख्या अवयवांच्या भिंतीतला स्नायू) लिहिलं. मार्क गेले ते गेलेच, वर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) सगळ्यांसमोर विचारलं, खोडलंस का?

'गुलाबी म्हणजे कोलॅजन (टेंडनच्या जुड्या ज्याच्या बनतात ते प्रोटीन)' हा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. एच अँड ई या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये मसलही गुलाबीच दिसतो, आणि शेड तर लॅबगणिक बदलते. मॅसन ट्रायक्रोम हा स्टेन असता तर कोलॅजन निळं किंवा हिरवं आणि मसल लाल दिसला असता, पण ती चैन स्पॉटिंगला (स्लाइड ओळखायच्या परीक्षेला) मिळेलच असं नाही. म्हणून रंग सोडा, न्यूक्लियस कुठे बसलाय ते बघा.

टेंडनमध्ये न्यूक्लियस कोलॅजनच्या जुड्यांच्या मधल्या फटीत असतो, बारीक, चपटा, गडद, सकाळच्या ठाणे लोकलमध्ये दोघांच्या मधे चेपून उभा असलेल्या माणसासारखा, आणि असे एकामागे एक रांगेत. पेशीचं बाकी अंग जवळजवळ दिसतच नाही. स्मूथ मसलमध्ये तो पेशीच्या आत, मधोमध, विंडो सीट मिळाल्यासारखा आरामात, लांबट सिगारसारखा, आणि स्नायू आकसलेला असेल तर स्क्रूसारखा पिळलेला. एकाच न्यूक्लियसवर निकाल देऊ नका, निदान दहा बघा आणि फोकस हळूहळू वरखाली करत बघा, नाहीतर फटीतला न्यूक्लियसही आत असल्यासारखा वाटतो.

तिसरा ठग म्हणजे नर्व्ह. लाटा लाटा दिसतात आणि मधे मायलिन (नर्व्हच्या धाग्यांवरचं चरबीचं वेष्टन) विरघळून राहिलेल्या फेसाळ जागा. टेंडनच्याही लाटा असतात, म्हणून नुसत्या लाटांवर जाऊ नका, फेस शोधा.

आणि पेशी टेंडनसारख्याच रांगेत आहेत पण गोलसर, प्रत्येकीभोवती मोकळी खोबण, तर ते फायब्रोकार्टिलेज, मणक्यांमधल्या डिस्कमधलं. कडेला पेरिकाँड्रियम (कार्टिलेजभोवतीचं आवरण) शोधत बसू नका, त्याला ते नसतंच.