पोरगं भारी खेळतं पण "मॅटर" आहे: टीममध्ये घ्यायचं का नाही, कसं ठरवायचं

आमच्या फुटबॉल क्लबचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या बाजूने अटॅक करणारा प्लेयर, एकदा मॅचच्या दिवशी पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टातून चालतच एसएसपीएमएस ग्राउंडवर आला. सकाळी त्याची तारीख होती. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कपड्यांच्या दुकानाची पिशवी, पिशवीत स्टड्स आणि शिनगार्ड, आणि त्याखाली वकिलाने दिलेला कागद चार घड्या घालून ठेवलेला. झाडामागे जाऊन त्याने शर्ट बदलला, नीट घडी घालून ठेवला कारण तो मोठ्या भावाचा होता, आणि वॉर्मअपला लागला. या पोराला घ्यायचं का नाही यावर आमच्या कमिटीत तीन आठवडे भांडणं झाली होती, आणि त्याच्या आधी दुसऱ्या एकाच्या बाबतीत आम्ही सपशेल चुकलो होतो. दोन्हीतून जे कळलं ते लिहितोय, कारण दर सीझनला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की दादा, एक पोरगं आहे, खतरनाक खेळतं, पण जरा मॅटर आहे. म्हणजे पोलीस केस नाहीतर मारामारीबिरामारीचं काही जुनं प्रकरण.

सगळ्यात आधी एक करा. तो किती भारी खेळतो हे बाजूला ठेवा आणि कमिटीला विचारा, हाच मॅटर आपल्या अठराव्या प्लेयरचा असता, जो सगळा सीझन बेंचवर बसतो, तर आपण काय केलं असतं? तेव्हा पटकन "काढून टाका" म्हणणार असाल आणि स्ट्रायकर आहे म्हणून "संधी द्यायला पाहिजे" म्हणत असाल तर तुम्ही संधीबिंधी काही देत नाहीये, गोल विकत घेताय. आणि मग ज्या दिवशी गोल थांबतील त्या दिवशी त्याला बाहेर काढाल, आणि ते त्या पोरालाही माहीत असतं. मोठे क्लब पण इथेच फसतात. मी तर म्हणतो पहिल्या मीटिंगला त्याचे व्हिडिओ दाखवूच नका.

मग नक्की काय झालं ते शोधा. मधल्या माणसाकडून ऐकू नका, त्याच्याकडूनच ऐका, ग्राउंडवर सगळ्यांसमोर नाही, कुठेतरी निवांत बसून. आम्ही प्रॅक्टिसनंतर टपरीच्या मागच्या बाकड्यावर बसलो होतो. त्याला एकच सांगा, की तुझ्या तोंडून पहिल्यांदा सगळं ऐकायचंय, नंतर आम्ही तपासणार आहोत. आमच्या विंगरने सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत भांडण झालं, त्याने कड्याने एकाला मारलं, समोरच्याला डोक्यात सहा टाके पडले. "त्याने आधी शिवी दिली" या वाक्याची मी वाटच बघत होतो, ते आलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जो पोरगा गोष्ट समोरच्याच्या चुकीपासून सुरू करतो त्याच्यावर जास्त काम लागतं, घेऊच नका असं नाही, पण लागतं.

तपासायचं कसं तर केस नंबर त्याच्याकडूनच मागा आणि ईकोर्ट्सच्या साइटवर टाका, केस कुठपर्यंत आलीये, पुढची तारीख कधी, सगळं दिसतं. नुसतं नाव टाकून शोधू नका, एकाच नावाची शंभर माणसं निघतात आणि भलत्याच्याच डोक्यावर खापर फुटतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, तोही मागा. आणि आधीच्या कोचला फोन कराच. "पोरगा कसा आहे" असं विचारलं तर सगळे चांगलंच बोलतात, म्हणून विचारा की सर, तुम्ही परत घ्याल का त्याला? त्यावर ते किती वेळ गप्प राहतात ते बघा.

इथे दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. एक, गुन्हा दाखल होणं वेगळं, चार्जशीट वेगळं आणि शिक्षा वेगळी. लोक तिन्हीला "केस आहे त्याच्यावर" म्हणतात. कोर्टाचा निकालही फिरू शकतो. इंग्लंडमध्ये चेड एव्हान्स या फुटबॉलरला २०१२ मध्ये बलात्काराच्या केसमध्ये शिक्षा झाली, तो बाहेर आल्यावर लोकांच्या विरोधामुळे क्लबांना मागे हटावं लागलं, आणि २०१६ मध्ये खटला परत चालून तो निर्दोष सुटला. म्हणून निकाल येईपर्यंत थांबणं हाही एक पर्याय असतो, त्यात भित्रेपणा नाही. दुसरं, पोरगा तेव्हा अठराच्या आत असेल तर आपला २०१५ चा बाल न्याय कायदाच सांगतो की त्या शिक्षेमुळे त्याला पुढे अपात्र धरायचं नाही, रेकॉर्डही ठराविक काळाने नष्ट करायचं. सोळाच्या वरचा असेल आणि गुन्हा फार गंभीर म्हणून मोठ्यांसारखा खटला चालला असेल तर गोष्ट वेगळी. बाकी पोरांच्या बाबतीत उकरत बसू नका आणि कमिटीतल्या कुणाला उकरू देऊ नका.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथे माझं मत ठाम आहे. मॅटरमध्ये कुणाला लागलं ते बघा. तरुण पोरांची आपापसातली मारामारी, दारू, सट्टा, रेफ्रीच्या अंगावर धावून जाणं, यातून माणूस बाहेर येतो, मी येताना बघितलाय. पण बाईवर किंवा लहान मुलावर अत्याचार केल्याचं कोर्टात सिद्ध झालं असेल तर माझ्याकडून नाही. आपल्या क्लबात सकाळी अंडर-टेनची पोरं असतात, मुलींची बॅच असते, त्यांचे आईबाप गेटवर सोडून निघून जातात ते आपल्यावर विश्वास ठेवून. तो विश्वास पॉइंट्स टेबलसाठी खर्च करायचा अधिकार आपल्याला नाही. स्कॉटलंडमधल्या रेथ रोव्हर्स क्लबने जानेवारी २०२२ मध्ये डेव्हिड गुडविली या स्ट्रायकरला घेतलं, ज्याने एका बाईवर बलात्कार केला असा निकाल २०१७ मध्येच दिवाणी कोर्टाने दिला होता. शर्टाची स्पॉन्सर असलेल्या लेखिका व्हॅल मॅकडर्मिड यांनी पाठिंबा काढला, महिला टीमच्या कॅप्टनने क्लब सोडला, आणि दोनचार दिवसांतच क्लबने सांगितलं की तो आमच्याकडून खेळणार नाही. ब्राझीलमध्ये तर गोलकीपर ब्रुनोला आपल्या मुलाच्या आईच्या खुनासाठी २०१३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झालेली, अपील चालू असताना २०१७ मध्ये तो सुटला आणि बोआ एस्पोर्ते नावाच्या क्लबने लगेच साइन केलं. स्पॉन्सर पळाले, आणि पुढच्याच महिन्यात तो परत तुरुंगात गेला. स्पॉन्सर गेले हे मी कारण म्हणून सांगत नाहीये बरं का. ती बाई मेली हेच कारण पुरेसं होतं.

तर समजा मॅटर त्यातला नाही. मग बघा त्यानंतर त्याने काय केलं. नुसता वेळ गेला म्हणजे सुधारला असं होत नाही. लुइस सुआरेझने २०१० मध्ये अयॅक्स या डच क्लबकडून खेळताना समोरच्या टीमच्या प्लेयरला चावा घेतला, सात मॅचची बंदी झाली, ती चालू असतानाच लिव्हरपूलने त्याला घेतलं. २०१३ मध्ये परत चावला, दहा मॅच. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये परत, इटलीच्या किएलिनीला. बंदी तर त्याआधी दोनदा झालेली होती की. उलट मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, कोर्टाने दोन आठवडे तुरुंग सांगितला, अपिलात त्याचं १२० तासांचं समाजकार्य झालं, आणि ते तास त्याने लहान पोरांना फुटबॉल शिकवण्यात घालवले. मधे तो इंग्लंड सोडायला निघाला होता तर त्याचे मॅनेजर फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला समजावून आले. ऑक्टोबरमध्ये परत आला, आणि सीझन संपताना लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे. मला त्यातला कपपेक्षा पॅरिसचा प्रवास महत्त्वाचा वाटतो, कारण मॅनेजर स्वतः उठून गेला. आमच्या विंगरचं म्हणाल तर तो आईला घेऊन त्या टाके पडलेल्या पोराच्या घरी गेला होता, आम्ही सांगायच्या कितीतरी आधी. हे त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं, त्याच्या आईकडून कळलं.

आता स्वतःच्या क्लबकडे बघा. तुमच्याकडे त्याच्यासाठी एक माणूस आहे का? कमिटी नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही, एक माणूस, ज्याला तो रात्री अकराला फोन करू शकेल आणि जो उचलेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या मायकल विकला २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीमने घेतलं तेव्हा टोनी डंजी हे माजी कोच मार्गदर्शक म्हणून त्याच्यासोबत होते. आपल्याकडे डंजी नसतील पण एखादे रिटायर्ड पीटीचे सर असतात, एखादा सीनियर डिफेंडर असतो. तसा कुणीच तयार नसेल तर घेऊ नका, पोरगा कितीही चांगला असला तरी. अर्धवट हात देऊन सोडलेलं पोरगं आधीपेक्षा जास्त खोलात जातं.

आणि सोय करायची तयारी पाहिजे. इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी याला २००७ च्या मारामारीच्या शिक्षेत सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक टॅग होता, संध्याकाळी ठरलेल्या वेळेला घरात हजर राहायला लागायचं, तेव्हा तो स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबात खेळत होता आणि लांबच्या मॅचमध्ये तासाभराने बाहेर येऊन थेट घर गाठायचा. त्या क्लबने त्याला तेवढाच वेळ खेळवलं, पण खेळवलं. पुढे २०१६ मध्ये तो लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला हे सगळ्यांना माहितीये. स्टॉक्सब्रिजला मात्र त्याचं असं काही होणार हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मला तो क्लब जास्त आवडतो.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक मिडफिल्डर घेतला, टर्फवरच्या एका टूर्नामेंटमध्ये त्याने एकाला बेदम मारलं होतं, जबडा फ्रॅक्चर झाला होता. आम्ही तिघांनी ठरवलं की टीमला सांगायचं नाही, उगाच वातावरण खराब होईल. दीड महिन्याने कळलं की मार खाल्लेला पोरगा आमच्या राइट बॅकचा मावसभाऊ होता. तो प्रॅक्टिस चालू असताना माझ्याकडे आला, घामाने निथळत होता, हळूच विचारलं, "दादा, तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्याने बिब काढून बॅगेवर ठेवली आणि गेला, त्याच्या मागे अजून दोघं गेले. मिडफिल्डरही महिन्याभरात यायचा बंद झाला कारण आता सगळे त्याच्याकडे बघायला लागले होते. तेव्हापासून नियम केलाय, टीमला आधी सांगायचं, त्या पोरासमोर, त्याच्या परवानगीने, आणि कुणाचा काही जुना संबंध असेल तर तिथेच विचारायचं. विंगरच्या वेळी तो स्वतः बोलला, दोन मिनिटं फक्त. एक जण म्हणाला मला विचार करायला वेळ द्या, आम्ही दिला.

अटी कागदावर लिहा, मराठीत, साध्या भाषेत, एक पान बास. प्रॅक्टिस किती चुकली तर काय, परत हात उचलला तर काय, दारू पिऊन आला तर काय. त्याच पानावर क्लब काय करणार तेही लिहा, नाहीतर तो करार नाही, नुसती धमकी आहे. आणि प्लीज त्याच्या "कमबॅक"ची रील बनवू नका. ज्याला टाके पडले त्याच्याही फोनवर ती जाते.

नाही म्हणायचं ठरलं तर समोर बसवून नाही म्हणा, कारण सांगा, फोन उचलणं बंद करू नका. दुसऱ्या क्लबने विचारलं तर जेवढं तपासून माहितीये तेवढंच सांगा.

हो म्हणायचं ठरलं तर पुढचं काम बारीकसारीक आहे आणि कंटाळवाणं आहे, पण तेच खरं काम आहे. आमच्या फिक्स्चरच्या तक्त्यावर आता मॅचच्या तारखांसोबत विंगरच्या कोर्टाच्या तारखाही असतात, मॅचच्या पेनने आणि कोर्टाच्या पेन्सिलने, कारण त्या पुढे जातात आणि दर वेळी खोडून परत लिहायला लागतात.