खंडाचा कागद आणि कोर्टातली पुरसीस

आंब्याची बाग खंडाने देताना रकमेवर तासन्‌तास घासाघीस होते आणि अटी मात्र कागद लिहिणाऱ्यावर सोडल्या जातात. मी देवगडला वकिली करते. माझ्याकडे येणारी बागांची बरीचशी भांडणं या न वाचलेल्या अटींतूनच उभी राहिलेली असतात.

अट लिहिताना तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय. एका काकांच्या कागदावर ‘बागेची योग्य निगा राखावी’ एवढीच ओळ होती. खंड घेणाऱ्याने लवकर मोहोर यावा म्हणून तीन पावसाळे बुंध्यांत बेसुमार कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन, ओतलं. कलमांच्या फांद्या आखूडल्या, पालवी गुच्छासारखी दाटली. काका म्हणाले, “वकीलबाय, कल्टार घालूचा नाय ह्या तोंडी ठरलेला हा.” पण लेखी कराराला छेद देणारं किंवा त्यात भर घालणारं तोंडी बोलणं कोर्ट सहसा पुराव्यात घेत नाही. म्हणून स्पष्ट लिहा: ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय कल्टार घालणार नाही.’

‘हंगाम संपल्यावर उरलेली रक्कम’ हेही लिहू नका. मालकाचा हंगाम मेच्या मध्यावर संपतो, घेणाऱ्याचा कॅनिंगचा, म्हणजे कारखान्यात डबाबंद करायचा, आंबा उतरेपर्यंत चालतो. तारीख घाला. अवकाळी पावसाने मोहोर झडला तर रक्कम कमी होणार की नाही, तेही आधीच ठरवा.

दंडाची रक्कम धाक दाखवण्यासाठी फुगवून लिहितात, त्याचा उपयोग होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं. कागदावरचा आकडा ही फक्त त्याची वरची मर्यादा. नुकसान कसं मोजलं हे सांगता येईल असाच आकडा लिहा.

नोंदणीचंही पाहा. झाडावरचं फळ नोंदणी कायद्यात जंगम मालमत्ता धरलं जातं. पण जमिनीसकट बाग एका वर्षाहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देत असाल, तर दस्त नोंदवावाच लागतो.

आता कोर्टातलं. दोन्ही बाजूंना एखादी गोष्ट मान्य असेल तर वकील तसं लेखी निवेदन कोर्टाला देतात, त्याला पुरसीस म्हणतात. कबूल केलेली गोष्ट सहसा शाबित करावी लागत नाही. पूर्वी हे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ५८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३मध्ये कलम ५३ आहे. मोजणीचा नकाशा दोघांना मान्य असेल तर त्यासाठी भूकरमापकाची साक्ष काढण्यात तारखा जात नाहीत. पण ‘बागेत ४२ कलमं आहेत हे मान्य’ आणि ‘४२ कलमांवरील समोरच्याची वहिवाट (ताबा आणि वापर) मान्य’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्याखाली सही केलीत तर भांडणाचा गाभाच देऊन बसलात. तुमचा वकील घाईत असला तरी विचारा, “यात मी नेमकं काय कबूल करतोय?” हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे.

तडजोडीच्या कागदाला याहून जास्त जपा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली तो लेखी आणि पक्षकारांच्या सहीचा असतो, त्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक निर्णय, होतो. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, आणि ती तडजोड बेकायदा होती म्हणून नवा दावाही लावता येत नाही. मसुदा आदल्या दिवशी घरी न्या, कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

एका वाटपाच्या दाव्यात काकींच्या वाट्याला मागची बाग आली होती. मसुद्यात ‘जाण्या-येण्यास पायवाट’ असं होतं. काकींनी दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “आंबे काय डोक्यार घेवन जावचे?” पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला, मग हो म्हणाला. ‘पायवाट’ खोडून पेनाने ‘टेम्पो जाईल अशी १० फुटी वाट’ लिहिलं, आणि खोडलेल्या शब्दापाशी दोघांनी सह्या केल्या.