रस्टची पॅच केलेली एसटीडी नव्या कंपायलरवर नेताना

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची नवी स्टेबल आवृत्ती दर ६ आठवड्यांनी येते. कंपायलर बदलला की आपल्या बोर्डासाठी पॅच केलेली एसटीडी, म्हणजे आपले बदल घातलेली स्टँडर्ड लायब्ररीही बदलावी लागते, कारण ती लँग आयटम आणि इंट्रिन्सिक या कंपायलरच्या आतल्या गोष्टींवर उभी असते आणि ते कंपायलरबरोबर कधीही बदलतात. कंपायलर आणि एसटीडी, दोन्हींचा सोर्स एकाच कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) हवा.

सगळे बदल एका गठ्ठ्यात ठेवू नका. फाइल्स, थ्रेड, घड्याळ, नेटवर्क, प्रत्येकाचा कमिट वेगळा. १.८६.० वरून १.८७.० वर जाताना मर्ज करू नका. जुन्या टॅगनंतरचे (टॅग म्हणजे आवृत्तीची खूण) फक्त आपले कमिट 'रिबेस ऑन्टो'ने नव्या टॅगवर न्या, म्हणजे ते त्यावर पुन्हा रचले जातात. त्याआधी गिटचं रेरेरे चालू करा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी आदळणारे दोन बदल) पुन्हा आला की तोच तोडगा लागतो. शेवटी रेंज-डिफ, म्हणजे आपल्या जुन्या आणि नव्या कमिटांमधला फरक, पूर्ण वाचा.

कॉन्फ्लिक्ट आला तर बरंच, निदान कळतं तरी. खरा घात न आलेल्या कॉन्फ्लिक्टने होतो. एसटीडीच्या 'सिस' फोल्डरमधली, प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी असलेली मॉड्यूल्स वारंवार जागा बदलतात. मग आपली सीएफजी-इफची (टार्गेटनुसार कोड निवडणाऱ्या मॅक्रोची) फांदी जुन्या, आता कुणी वापरत नसलेल्या फाइलमध्ये राहते आणि टार्गेट, म्हणजे ज्यासाठी बिल्ड करतोय तो आपला बोर्ड, शेवटच्या 'अनसपोर्टेड' फांदीत जाऊन पडतं. बिल्ड व्यवस्थित होतं. बोर्डावर फाइल उघडायला गेलं की एरर. म्हणून रिबेसनंतर टार्गेटचं नाव अख्ख्या लायब्ररी फोल्डरमध्ये ग्रेप करा (शोधा) आणि मागच्या आवृत्तीच्या यादीशी ताडून पाहा. एसटीडीच्या बिल्ड स्क्रिप्टमध्येही ते नाव हवं, नाहीतर 'रिस्ट्रिक्टेड एसटीडी', म्हणजे एसटीडीच्या वापरावरची अट, आडवं येतं.

लिबसीचंही तसंच; सी लायब्ररीची फंक्शन्स रस्टला देणारा हा क्रेट (रस्टचं पॅकेज). लॉक फाइलमध्ये, म्हणजे क्रेटांच्या नक्की आवृत्त्यांच्या यादीत, नवी आवृत्ती आली आणि आपला पॅच जुन्या आवृत्तीचा राहिला, तर 'पॅच वापरला गेला नाही' एवढी वॉर्निंग देऊन कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) मूळ लिबसीच बिल्ड करतो. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचणीत) ही वॉर्निंग दिसली की बिल्ड फेल करा.

६ आठवड्यांचे बदल एकदम अंगावर घेण्यापेक्षा रोज नाइटलीवर (रस्टच्या रोजच्या चाचणी आवृत्तीवर) रिबेस करून पाहणं कितीतरी सोपं. नाइटलीचं काम यूटीसी ००:०० ला, म्हणजे मुंबईत पहाटे ५:३० ला सुरू होतं आणि ती डाउनलोडला यायला वेळ लागतो. सीआयचं क्रॉन (वेळापत्रक) यूटीसीत असेल तर त्यात ३:३० लिहा. मुंबईत सकाळी ९ ला रन सुरू होईल. टूलचेनच्या (कंपायलर आणि त्याच्या टूल्सच्या संचाच्या) नावातली तारीख आणि कमिटची तारीख यांत सहसा एका दिवसाचा फरक असतो, तेव्हा सोर्स तारखेवरून घेऊ नका. रस्टसीच्या (रस्टच्या कंपायलरच्या) व्हर्बोज व्हर्जनमध्ये कमिट हॅश मिळतो, तोच चेकआउट करा. तरीही ई०५१४ ही एरर आली, तर जुन्या कंपायलरने बनवलेला क्रेट कुठेतरी उरलाय: कार्गोचा 'टार्गेट' फोल्डर (बिल्डचं आउटपुट) रिकामा करून पुन्हा बिल्ड करा.