डिझेल ट्रकचे हाफ इंजिन बांधताना बोल्ट कसे निवडावेत

ट्रकचे इंजिन पूर्ण खोलून हाफ इंजिन, म्हणजे हेडखालचा ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनचा भाग, पुन्हा बांधताना खर्च क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, लायनर-पिस्टन आणि पंप-नोझलवर होतो. मेन कॅपचे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारी झाकणे) आणि कॉनरॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बोल्ट मात्र बहुतेक वेळा डिझेलमध्ये धुऊन तसेच परत लावले जातात. या दोन जागांच्या बोल्टांवर येणारा भार मुळातच वेगळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय निवड नीट होत नाही.

टाटाच्या अनेक ट्रकांत बसलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी बी मालिकेतील इंजिन उदाहरणासाठी घेऊ. त्यात सात मेन कॅपना मिळून चौदा आणि सहा कॉनरॉडना मिळून बारा बोल्ट असतात. ज्वलनाचा धक्का कॉनरॉडमार्गे क्रँकवर आणि तिथून मेन कॅपवर उतरतो, त्यामुळे टर्बोचा दाब किंवा डिझेलचे प्रमाण वाढवले की ओझे मेन बोल्टांवर पडते. त्या क्षणी कॉनरॉड दाबला जात असल्याने त्याच्या बोल्टांना फारसे काही सोसावे लागत नाही. त्यांची खरी परीक्षा एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी होते, कारण तेव्हा वर निघालेल्या पिस्टनला थांबवून खाली ओढण्याचे काम त्यांच्यावर येते आणि वरून दाब देणारा वायू नसतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भरलेला ट्रक कसारा घाट उतरताना चुकीच्या गिअरमुळे इंजिन २५०० ऐवजी ३२५० आरपीएमवर गेले, तर ताण सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) डिझेल तोडतो, पण चाकांकडून येणारा वेग त्याच्या हातात नसतो. म्हणून इंजिन कधी ओव्हरस्पीड झाले होते का, हे ड्रायव्हरला आधी विचारावे. झाले असेल, तर कॉनरॉडचे बोल्ट दिसायला कितीही चांगले असले तरी सगळे बदलावेत.

मूळ ताकदीवर चालणाऱ्या गाडीला इंजिन कंपनीचेच नवे बोल्ट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बोल्टच्या डोक्यावरच्या १०.९ या आकड्याचा अर्थ तुटण्याची ताकद सुमारे १००० मेगापास्कल आणि त्याच्या ९० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणे, एवढाच आहे. दांड्याची जाडी, आट्यांची लांबी आणि डोक्याखालची गोलाई यांबद्दल तो काहीच सांगत नाही, म्हणून बाजारातला १२.९ चा बोल्ट ‘जास्त मजबूत’ म्हणून या जागी लावू नये. चमकदार झिंक प्लेटिंग केलेला १२.९ चा बोल्ट तर हातातही घेऊ नये; प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो आणि तो कसल्यानंतर काही काळाने अचानक तुटू शकतो.

जुने बोल्ट ठेवायचेच असतील, तर प्रत्येकावर चांगला नट हाताने फिरवून पाहावा. आटे स्वच्छ असूनही मध्येच नट अडला, तर तिथे बोल्ट ताणला गेला आहे आणि उजेडात धरल्यावर ती जागा किंचित बारीक झालेलीही दिसते. तसा एकही सापडला तरी पूर्ण संच बदलावा. यिल्ड बिंदूपर्यंत, म्हणजे कायमचा ताणला जाण्याच्या सीमेपर्यंत, ताणण्यासाठी बनवलेले बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत.

मजबूत बोल्ट-स्टड बनवणाऱ्या एआरपीसारख्या कंपन्यांचे स्टड (वरून नट लावून कसायचे बिनडोक्याचे बोल्ट) ताकद वाढवलेल्या इंजिनासाठी योग्य आहेत, मात्र त्यांचा खर्च पेटीच्या किमतीवर थांबत नाही. पकड बदलली की कॅपचा गोलही बदलतो, म्हणून स्टड पूर्ण कसून मेन बोअर (क्रँक बसतो ती भोके) मोजावा आणि लागल्यास लाइन बोअरिंग करावे, म्हणजे ती भोके एका रेषेत पुन्हा कापून घ्यावीत. कॉनरॉडला वेगळ्या प्रकारचे बोल्ट लावले, तर बिग एंडचेही (कॉनरॉडचे क्रँककडचे टोक) तसेच करावे लागते.

कसताना लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकी घर्षणात खर्च होतो. त्यामुळे आट्यांवर काय लावले आहे, याला टॉर्कच्या आकड्याइतकेच महत्त्व आहे. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात, आट्यांना आणि डोक्याखाली स्वच्छ इंजिन ऑइल लावून, मेन बोल्ट ६०, ११९ आणि १७६ न्यूटन मीटर, तर कॉनरॉडचे ३५, ७० आणि १०० अशा टप्प्यांत कसतात. नंतरच्या इंजिनांसाठी त्या-त्या मॅन्युअलमधलेच आकडे घ्यावेत, आणि स्टडसोबत आलेले वंगण लावले असेल तर टॉर्कही स्टड बनवणाऱ्याचाच घ्यावा. ब्लॉकच्या बंद भोकांत ऑइल साचू देऊ नये, कारण बोल्ट त्यावर दाबला गेला की टॉर्क खोटा लागतो आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो जड झाला, तर नुकताच कसलेला कॅप काढून त्याचा क्रमांक, दिशा आणि बेअरिंगच्या शेलखालची घाण तपासल्याशिवाय पुढचा कॅप बसवू नये.